कढईतला दाढीचा साबण

गॅसवर पातेलं, पातेल्यात दोन बोटं पाणी, पाण्यात स्टीलची वाटी आणि वाटीत खिसणीवर किसलेला दाढीचा साबण. आच मंद. शेजारी चमचा धरून उभा असलेला माणूस वाट बघतोय, की आता हा कीस लोण्यासारखा विरघळेल आणि मगमध्ये अलगद ओतता येईल. पाच मिनिटं जातात, दहा जातात. साबण काही विरघळत नाही. तो आधी ओलसर होतो, मग चिकट, मग कडेकडेने काचेसारखा दिसायला लागतो, आणि मधला गोळा मात्र भिजवणी चुकलेल्या साबुदाण्यासारखा जागचा हलत नाही. घाईघाईत दोन चमचे पाणी घालून जोरात ढवळावं, तर फेस वर येतो, वाटीच्या काठावरून ओघळतो आणि पातेल्यात उतरतो. तासाभराने हाती लागतं ते फसलेल्या इडलीसारखं काहीतरी जाळीदार, पांढरट.

ब्रश फिरवून फेस काढणारी आणि त्या फेसानेच दाढी करणारी जी थोडी मंडळी आज उरली आहेत, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अडचण साधी असते. दाढीच्या साबणाची गोल वडी आणली, पण ती घरातल्या मगापेक्षा बोटभर लहान निघाली. ब्रश फिरवला की त्याच्याबरोबर वडीही गरगर फिरते. खाली पाणी साचतं, वडी तळातून गिळगिळीत होते आणि आठवडाभरात अर्धा साबण मोरीत. किंवा कांडीच्या रूपातला साबण असतो, त्याची शेवटची पेराएवढी कांडी हातात धरता येत नाही आणि टाकवतही नाही. मग डोक्यात येतं, की हे सगळं वितळवून पुन्हा ओतलं तर?

हा खटाटोप करणाऱ्याला वाटतं, की आपण काहीतरी नवी युक्ती काढली. खरं तर तो दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या एका प्रतिष्ठित धंद्याची, जराशी बिघडलेली, नक्कल करत असतो. ज्याला त्या काळी उंची दाढीचा साबण म्हणत, त्यातला पुष्कळसा कोणी मुळापासून बनवतच नसे. दुसऱ्याने शिजवलेला साबण विकत घ्यायचा, कापायचा, वितळवायचा, त्यात वास घालायचा आणि पुन्हा घडवायचा, एवढंच ते काम. आणि ते काम साबणवाल्यांचं नव्हे, तर अत्तरवाल्यांचं.

अत्तरवाल्याने साबण स्वतःच का शिजवू नये? याला जितकं रसायनशास्त्र कारण होतं, तितकंच सरकारी तिजोरीही. इंग्लंडात 1712 साली, राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत, साबणावर कर बसला आणि तो वाढत वाढत 1816 साली पौंडामागे 3 पेनींवर गेला. कर चुकवला जाऊ नये म्हणून साबणाच्या कढयांना झाकणं आणि झाकणांना कुलपं. रात्री कुलूप घालणार सरकारी अंमलदार आणि सकाळी ते काढणारही तोच. एका वेळी निदान एक टन साबण शिजवलाच पाहिजे असाही नियम होता. ज्याच्याकडे दुकानामागची एक खोली आणि दोन नोकर, त्याने टनभर चरबी कुठे रटरटत ठेवायची? त्यामुळे शिजवणारे बडे कारखानदार वेगळे पडले आणि त्यांच्याकडून लाद्या आणून त्यांचं रूप पालटणारे अत्तरवाले वेगळे. अर्थमंत्री ग्लॅडस्टनने 1853 साली तो कर रद्द केला खरा, पण तोवर धंद्याची वाटणी पक्की होऊन गेली होती.

कर उठल्यानंतर दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, सेप्टिमस पीस नावाच्या लंडनच्या अत्तरवाल्याने अत्तरविद्येवरचं आपलं पुस्तक छापलं. गुलाब, चमेली, कस्तुरी हे सगळं त्यात आहेच. पण साबणाचं प्रकरण वाचताना असं वाटतं, की हा माणूस अस्तन्या सरसावून कढईशी उभा राहिलेला आहे. साबणाच्या लांब विटा आधी पातळ कापायच्या. त्यासाठी सुरी नाही. कामाच्या टेबलावर दोन स्क्रूंच्या मध्ये ताणून बसवलेली तार. तार कसली, तर पियानोची. वीट तारेवर दाबत न्यायची की पातळ चकत्या पडतात. कढई दुहेरी भिंतीची, मधल्या पोकळीत वाफ. चकत्या ढीग करून ओतायच्या नाहीत; कढईच्या कडेने उभ्या लावायच्या, एखादी सुगरण मोदकपात्रात मोदक लावते तशा. वर थोडंसं पाणी शिंपडायचं, झाकण घालायचं. अर्ध्या तासात पहिला फेरा खाली बसतो, मग दुसरा लावायचा, मग तिसरा. दोन-तीन जातींचे साबण एकत्र करायचे असतील तर त्यांचे फेरे आळीपाळीने लावायचे; मात्र एका फेऱ्यात एकाच जातीचा साबण, नाहीतर अर्धं वितळेल आणि अर्धं तसंच राहील.

याच प्रकरणात पीस एक गोष्ट सांगून जातो, जी गॅसपाशी चमचा धरून उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी सांगायला हवी होती. साबण वितळतो तो त्याच्यातल्या पाण्यामुळे. ताजा, ओला साबण जितक्या वेळात खाली बसतो, त्याच्या दुप्पट वेळ जुना, वाळलेला साबण घेतो. म्हणजे तो मेणासारखा पदार्थ नव्हेच. मेण तापवलं की वितळतं आणि निवलं की गोठतं. वाळलेला साबण उकळत्या पाण्याच्या आचेवर नुसता मऊ पडून बसतो. आज दुकानात मिळणारी चांगली दाढीची वडी कारखान्यात वाळवून, दाबून, दगडासारखी केलेली असते. तिला वितळवायला निघालेला माणूस सगळ्यांत हट्टी गिऱ्हाइकाशी गाठ घालून घेतो.

आता ढवळणं. कढईत फिरवायचं जे हत्यार, त्याला कामगार कुबडी म्हणत. एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला आडवी फळी, कढईच्या तळाप्रमाणे किंचित वाकवलेली. उलटी धरली तर खरोखरच काखेत घ्यायची कुबडी. तिने गरगर घुसळायचं नसतं. खाली दाबायची, वर उचलायची, गुठळी दिसली तिथे फोडायची, पण हवा आत शिरू द्यायची नाही. रवीने घुसळलं तर ताकासारखा फेस होणार, आणि फेस कढईत झाला तर गिऱ्हाइकाच्या गालावर काय राहील? सगळं एकजीव झालं की शेवटी वासाचं तेल घालायचं, कारण आधी घातलं तर ते वाफेबरोबर उडून जातं. मग चौकटीत ओतायचं, दोन-तीन दिवस निवू द्यायचं आणि पुन्हा तारेने कापायचं. आपण जिला साबणाची वडी म्हणतो, ती इथे अगदी वडीसारखीच पाडली जाई. घोटणं, थापणं, निवू देणं, कापणं. आपल्या भाषेने साबणाच्या तुकड्याला नारळाच्या वडीच्या पंक्तीला बसवलं त्यात काही वावगं नाही.

या कढयांतून जो साबण सगळ्यांत गाजला, त्याचं नाव विंडसर. राजवाड्याचं नाव असलेला हा साबण हात धुवायला वापरत आणि दाढीलाही. कृती इतकी सोपी होती, की 1823 साली निघालेल्या कॉलिन मॅकेंझीच्या पाच हजार कृतींच्या जाडजूड बाडासारख्या घरगुती पुस्तकांतून ती गृहिणींपर्यंत पोचली. चांगला पांढरा साबण कापा, मंद आचेवर वितळवा, शहाजिऱ्याचं तेल घाला, साच्यात ओता, वाळू द्या. शहाजिरं! आपल्याकडे बिर्याणीच्या भातात पडतं ते. इंग्रज साहेब सकाळी आरशासमोर उभा राही तेव्हा त्याच्या गालांना मसाल्याच्या डब्याचा वास येत असे, हे चित्र मनातून जाता जात नाही. साबण घरी वितळवून पुन्हा घडवायची चाल म्हणूनच आजकालची नाही. त्या बाडांच्या पानापानांवर ती सापडते.

पांढऱ्या विंडसरचा एक तपकिरी भाऊही होता. कापताना, घडवताना जे तुकडे आणि चुरा उरे, तो पुन्हा कढईत जाई. एकदा, दोनदा, पाचदा तापून साबणाचा रंग तांबूस होई. गिऱ्हाइकांनी मात्र त्याचा उलटा अर्थ लावला. तपकिरी म्हणजे मुरलेला, मुरलेला म्हणजे सौम्य आणि सौम्य म्हणजे उंची. यात थोडं तथ्यही असावं, कारण प्रत्येक वेळी वितळताना साबणातला उरलासुरला तिखटपणा मरतो. पण मागणी इतकी वाढली, की मुरवायला वेळ कोणाला? मग सरळ साखर जाळून तिचा रंग घालायला सुरुवात झाली. व्यापार म्हणजे व्यापार.

वितळवून नाव काढलेल्यांत एक न्हावीही होता. अँड्र्यू पेअर्स, कॉर्नवॉलच्या शेतकऱ्याचा मुलगा. न्हावीकाम शिकला, अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनला आला आणि सोहोतल्या जेरार्ड स्ट्रीटवर त्याने दुकान थाटलं. गिऱ्हाइकं बडी होती. त्यांच्या चेहऱ्यांना लागणाऱ्या पावडरी आणि त्या काळचे जहाल साबण या दोन्हींनी कातडीची काय दशा होते, ते त्याला वस्तऱ्याच्या अंतरावरून रोज दिसत होतं. 1807 च्या सुमारास त्याने जो आरपार दिसणारा साबण बाजारात आणला, त्याच्या मुळाशी तीच पुनर्घडण होती. साबण मद्यार्कात विरघळवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, मद्यार्क काढून घ्यायचा आणि उरेल ते महिनोन्‌महिने सुकवायचं. पुढे या नावाने दाढीच्या कांड्याही निघाल्या. आज तो साबण भारतात तयार होतो आणि हिवाळा आला की मराठी घरांतल्या मोऱ्यांत त्या मधाच्या रंगाच्या वड्या दिसू लागतात. तो एका न्हाव्याचा साबण आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

दाढी न्हाव्यानेच करायची, हा रिवाज युरोपात मोडायला लागला तो याच्या थोडं आधी. पॅरिसच्या झां-झाक पेरे या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या उस्तादाने 1769 साली स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याआधी न्हाव्याचं मुख्य भांडं म्हणजे पितळेची पसरट परात, तिच्या काठाला गळा बसेल असा अर्धचंद्राकृती खाचा. सर्व्हान्तिसच्या 1605 मधल्या कादंबरीत डॉन किहोते ज्याला मांब्रिनोचं सोन्याचं शिरस्त्राण समजून पळवतो, ती पावसापासून टोपी वाचवायला एका न्हाव्याने डोक्यावर पालथी घातलेली हीच परात. पण घरी, एकट्याने, आरशासमोर दाढी करणाऱ्याला परात गैरसोयीची. त्याला हवी होती वाटी किंवा मग, आणि त्यात घट्ट बसेल असा साबण.

साबणातही फरक हवा होता. अंगाच्या साबणाने दाढी करून बघितलेल्याला तो कळतो: फेस भरपूर येतो, पण अर्धा गाल होईतो वाळून जातो. दाढीच्या साबणात दोन क्षार लागतात. कॉस्टिक सोड्याने साबण कडक होतो, पोटॅशने मऊ, लवकर फेसणारा. पीसच्या पुस्तकात पोटॅश आणि डुकराच्या चरबीचा एक मऊ साबण आहे, मोत्यासारखी झाक असलेला, कडू बदामाच्या वासाचा. तो दाढीसाठी फार खपे. फेस टिकवून धरतं ते मात्र स्टिअरिक आम्ल. गुरांच्या चरबीत ते विपुल, म्हणून जुने उत्तम दाढीचे साबण सगळे चरबीचे. चरबीच्या पोटात काय काय असतं ते उलगडून दाखवलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, 1823 सालच्या ग्रंथात. या गृहस्थांना स्वतःला 102 वर्षांचं आयुष्य लाभलं. मेणबत्तीवाले आणि साबणवाले दोघांनीही त्यांना दुवा द्यायला हरकत नाही.

आणि मग अमेरिका. कनेक्टिकट राज्यात जेम्स बेकर विल्यम्स नावाच्या औषधविक्रेत्याने 1840 च्या सुमारास मगात बसवायचा दाढीचा साबण बनवायला घेतला आणि त्याला नाव दिलं ‘जेन्युइन यँकी’. हा कारखाना पुढे ग्लॅस्टनबरीला गेला आणि त्या गावाची ओळखच साबणाशी जोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम्सचा ‘बार्बर्स बार’ मिळे: एका पौंडात सहा गोल वड्या, किंमत 40 सेंट. नाव बार्बरचं, पण जाहिरात घरच्या लोकांनाही सांगे, की हा अंगालाही उत्तम. सहा वड्यांचा हिशेब केला तर एकेक साधारण 75 ग्रॅमची पडते. मग तसेच बनत, वड्या तशाच बनत. दोघांचं जमलेलं असे. आजच्या घोळाचं मूळ हेच आहे: वड्या राहिल्या, पण त्यांच्या मापाचे मग गेले.

त्या मगांची कथा लांबणीवर टाकता येत नाही. साधारण 1870 पासून पुढे पन्नासेक वर्षं अमेरिकन केशकर्तनालयांत भिंतीला लाकडी कप्पे असत आणि प्रत्येक कप्प्यात एकेका गिऱ्हाइकाचा स्वतःचा मग. चिनी मातीचे कोरे मग फ्रान्स-जर्मनीतून येत आणि अमेरिकेतले चितारी त्यांवर सोनेरी अक्षरांत मालकाचं नाव रंगवत, शिवाय त्याचा धंदाही. खाटकाच्या मगावर बैलाचं डोकं, रेल्वेवाल्याच्या मगावर इंजिन, प्रेतं वाहून नेणाऱ्याच्या मगावर त्याची काळी घोडागाडी. शेजारच्या माणसाच्या मगातला ब्रश आपल्या गालाला लागला तर न्हाव्याची खाज म्हणून ओळखला जाणारा दाढीतला पुरळ होतो, अशी भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण कप्प्यात आपला मग असणं म्हणजे गावात आपली पत असणं, हेही तितकंच खरं. मगातली वडी झिजून कागदाएवढी पातळ झाली की ती खरवडून काढत बसायचं नसे. त्याच पातळ चकतीवर गरम पाण्याचा शिपका द्यायचा, नवी वडी ओली करून वर दाबायची. वितळवण्याची गरजच नाही. खालच्या थराने वरच्याला धरून ठेवलं की काम झालं.

कांडीवाल्यांची हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटली. कोलगेटने 1910 च्या दशकात धातूच्या मुठीत फिरकीने बसणारी कांडी काढली आणि जाहिरातीत उपाय सांगितला: शेवटचा तुकडा मुठीतून काढा, ओला करा, नव्या कांडीच्या डोक्यावर चिकटवा, एक कणही वाया जाणार नाही. हीच कंपनी कांडी, भुकटी आणि मलम असे तिन्ही प्रकार विकत असे, आणि काटकसरीच्या दृष्टीने कांडी सर्वांत परवडते असं स्वतःच छापत असे. आज एखादी कंपनी आपला साबण जपून वापरा असं सांगेल, यावर विश्वास बसणं कठीण.

त्यानंतरची गोष्ट भराभर उरकता येते. किंग जिलेटने 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 पाती विकली. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा 90,000 च्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी 35 लाख रेझर मागवले. ती पोरं घरी परतली ती न्हाव्याकडे न जायची सवय घेऊनच, आणि कप्प्यांमधले सोनेरी मग उतरले. 1919 मध्ये इंडियानापोलिसला ब्रशाशिवाय लावायचं मलम निघालं, 1925 मध्ये आणखी एक. त्याच्या चारोळ्या अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कडेला पाट्यांवर झळकू लागल्या. 1950 च्या आगेमागे फेस डब्यातूनच बाहेर पडू लागला. बटण दाबा, चेहरा पांढरा करा. मग, वडी, ब्रश, तिन्ही कपाटाच्या मागच्या बाजूला गेले.

आपल्याकडे हा प्रवास उलट्या टोकाकडून झाला. मराठीत एखाद्याला झाडलं किंवा नागवलं तर त्याची ‘बिनपाण्याने हजामत’ केली म्हणतात. म्हणीत पाणी आहे, साबण नाही. गावच्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नखं काढायची नऱ्हाणी, धार लावायचं चामोटं, हातआरसा आणि पाण्याची वाटी. साबण त्यात फार उशिरा शिरला. दाढी भिजवणं म्हणजे ओल्या बोटांनी गाल चोळत राहणं, खुंट नरम पडेपर्यंत. बलुत्याच्या हिशेबात गाव सगळ्यांची डोकी-दाढ्या करून घेई, त्यात वासाच्या वडीची सोय कुठून यायची? म्हणून पाण्याशिवाय वस्तरा फिरवणं हीच कल्पनेतली सगळ्यांत मोठी क्रूरता. साबणाची सवय आधीपासून असती, तर ती म्हण वेगळीच झाली असती.

साबण आला तेव्हा त्याच्याबरोबर चरबीही आली. विलायती दाढीचा साबण जितका चांगला, तितकी त्यात गुरांची चरबी जास्त. आणि ती लावायची कुठे, तर तोंडाला. सोवळ्याओवळ्याच्या घरांत याचा विचार होत नसेल असं म्हणवत नाही. मुंबईत कुलपांनी नाव कमावलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलांपासून साबण काढला, तो या पार्श्वभूमीवर. त्याचं नावही ‘चावी’, कुलपाच्या धंद्याला शोभणारं. याच अर्देशिरांनी 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला 3 लाख रुपये दिले. पुढे याच घराण्याचा दाढीचा साबणही आला, चपट्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेली गोल वडी, ‘शेव्हिंग राउंड’. पन्नाशी-साठी उलटलेल्या कित्येकांना वडिलांच्या दाढीच्या सामानातली ती डबी आठवेल: शेजारी केस झडत चाललेला ब्रश, तुरटीचा खडा आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला आरसा. डबीतली वडी संपली की तीच डबी पुढे दोन वर्षं वापरली जाई, आणि तीत अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे दाबून बसवले जात. फेस कसला यायचा! पण दाढी व्हायची.

गेल्या काही वर्षांत मग आणि ब्रश पुन्हा बाहेर निघाले, आणि त्यांच्याबरोबर गॅसवरची वाटीही. यातल्या धीराच्या माणसांनी हळूहळू तेच नियम शोधून काढले, जे पीसच्या कढईवरच्या कामगारांना पाठ होते. किसून घ्या, ठोकळा टाकू नका. पाणी द्या, पण शिंपडण्याएवढंच. जास्त दिलं तर वडी वाळताना आकसते, कडेने सुटते आणि पुन्हा मगात फिरायला लागते. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. ढवळा, पण घुसळू नका. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलीच तर पाच-सात सेकंदांनी दार उघडून बघा, कारण साबणातलं पाणी एकदम उकळलं की तो दुधासारखा उतू जातो, आणि दुधापेक्षा पुसायला वाईट. कारखान्यात ग्रॅनाइटच्या तीन-तीन रुळांतून दळून, गार असतानाच वास मिसळून दाबलेली वडी एकदा वितळवली की तिचा तो घट्ट, रेशमी पोत परत येत नाही. वासही निम्मा उडतो. रुळांची ही फ्रेंच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली ती नेमकी वितळवणाऱ्या कढईला हटवायला, हे त्या माणसाला वाटीतला गोळा बघताना आठवलं तर बरं.

अनुभवी लोक म्हणूनच आच लावतच नाहीत. तुर्कस्तानात दाढीचा मऊ साबण कांडीच्या रूपात स्वस्तात मिळतो. तिकडच्या ‘आर्को’ या कांडीची ख्याती जगभर आहे. अनेक जण ती थेट गालावर न घासता किसतात, किसाला गरम पाण्याचा हात लावतात आणि मगाच्या तळाशी अंगठ्याने दाबत जातात, थालीपीठ तव्यावर थापतात तसं, मधून कडेकडे, कुठे पोकळी राहू न देता. मग दोन दिवस उघड्यावर, सावलीत. वडी मगाला धरून बसते आणि ब्रशाबरोबर फिरत नाही. अंगठ्याचे ठसे पहिल्या चार-पाच दाढ्यांपर्यंत तिच्यावर स्पष्ट दिसतात, मग फेसाखाली झिजत जातात.